एचटीच्या रिलेला एलटीकडचं किती दिसतं?

मॉलच्या, रुग्णालयाच्या किंवा आयटी पार्कच्या बेसमेंटमध्ये ट्रान्सफॉर्मर येऊन बसला की साइटवर पहिला प्रश्न हमखास असतो, "ब्रेकर किती अँपिअरचा लावायचा?" याचं उत्तर एका आकड्यात मिळत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही अंगांना, म्हणजे एचटीला (वरच्या व्होल्टेजची, पुरवठ्याची बाजू) आणि एलटीला (खालच्या व्होल्टेजची, इमारतीची बाजू), ब्रेकर असतात, दोघांची कामं वेगळी असतात, एचटीच्या ब्रेकरला उघडण्याचा हुकूम रिले देतो, आणि एलटीकडे झालेला फॉल्ट एचटीकडे पोचेपर्यंत त्याचा चेहरामोहरा बदललेला असतो. बहुतेक चुका या बदलाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे होतात.

हिशेबासाठी १००० केव्हीएचा, ११ केव्ही/४३३ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घेऊ. नेमप्लेटवर व्हेक्टर ग्रुप (वाइंडिंगची जोडणी) डीवायएन-११, म्हणजे एचटीला डेल्टा आणि एलटीला न्यूट्रल बाहेर काढलेला स्टार. इम्पीडन्स (करंटला होणारा अडथळा) ५ टक्के. केव्हीएला १.७३२ आणि केव्हीने भागलं की फुल लोड करंट मिळतो: एचटीकडे ५२.५ अँपिअर, एलटीकडे १३३३ अँपिअर. आता तो ५ टक्क्यांचा आकडा. एलटीची टर्मिनल शॉर्ट करून एचटीला रेटेड व्होल्टेजच्या फक्त ५ टक्के व्होल्टेज दिलं तरी फुल लोड करंट वाहतो, असा त्याचा अर्थ. मग पूर्ण व्होल्टेजला वीसपट वाहणार. म्हणजे एलटी टर्मिनलवर तिन्ही फेज शॉर्ट झाल्या तर तिथे सुमारे २६.७ किलोअँपिअर आणि त्याच वेळी एचटीकडे १०५० अँपिअर. यात महावितरणकडच्या लाइनचा इम्पीडन्स शून्य धरला आहे, त्यामुळे प्रत्यक्षातला करंट थोडा कमी भरतो. डिझाइन मात्र या आकड्यावर करावं. पुणे-ठाण्याकडे बऱ्याच ठिकाणी पुरवठा २२ केव्हीचा असतो. तिथे एचटीचे आकडे निम्मे होतात, एलटीचे तसेच राहतात.

इथेच एक साधी गोष्ट तपासून घ्यावी. मेन एलटी पॅनेलमधल्या आउटगोइंग एमसीसीबीवर (बाहेर जाणाऱ्या केबलच्या ब्रेकरवर) ब्रेकिंग कपॅसिटी, म्हणजे तो सुखरूप तोडू शकेल असा कमाल करंट, काय लिहिली आहे? २५ केएचा (किलोअँपिअरचा) एमसीसीबी स्वस्त पडतो म्हणून सर्रास बसवला जातो, आणि बसबारवरचा (पॅनेलमधल्या मुख्य पट्ट्यांवरचा) फॉल्ट २६.७ केए आहे. इथे ३६ केए किंवा त्यापुढचाच हवा. मजल्यावरच्या डीबीपर्यंत (वितरण पेटीपर्यंत) केबलचा इम्पीडन्स मध्ये येऊन फॉल्ट करंट बराच उतरतो, तिथे कमी केएचा चालतो. पॅनेलच्या बसबारवर ही सवलत नाही.

दुसरी मर्यादा वेळेची. शॉर्ट सर्किटचा पूर्ण करंट ट्रान्सफॉर्मरने २ सेकंद सोसावा अशा हिशेबाने त्याची वाइंडिंग बनवलेली असतात. ती वाइंडिंगची शेवटची हद्द आहे, फॉल्टला दिलेली मुदत नव्हे. त्याच्या बरंच आत फॉल्ट तुटायला हवा.

मग एचटीचं सेटिंग ५५ अँपिअरवर आणि वेळ शून्यावर का ठेवू नये? कारण ट्रान्सफॉर्मर चालू करताना त्याचा कोअर क्षणभर सॅच्युरेट होतो आणि तो फुल लोडच्या ८ ते १२ पट करंट ओढतो. याला इनरश म्हणतात. आपल्या ट्रान्सफॉर्मरसाठी हा ४२० ते ६३० अँपिअर होतो. तो काही सायकलमध्ये उतरायला लागतो आणि दरवेळी सारखा नसतो, कारण ब्रेकर व्होल्टेजच्या लाटेच्या कुठल्या बिंदूवर लागला यावर तो अवलंबून आहे. म्हणूनच "काल लागला, आज लावताच पडला" अशी तक्रार येते. १२ पट करंट ०.१ सेकंद वाहिला तरी रिले हलता कामा नये, हा ठोकताळा धरून सेटिंग करतात. न्यूमेरिकल (मायक्रोप्रोसेसरवर चालणारा) रिले असेल तर इनरशमधला सेकंड हार्मोनिक (दुप्पट फ्रिक्वेन्सीचा घटक) ओळखून थांबण्याची सोय त्यात बहुधा असते. ती चालू केली आहे की नाही, हे पाहायचं मात्र राहून जातं.

कॅम्पसमध्ये एकाच मेन व्हीसीबीवर (एचटीच्या व्हॅक्यूम ब्रेकरवर) चार ट्रान्सफॉर्मर असतील तर लाइट जाऊन परत आल्यावर चौघे एकदम चार्ज होतात आणि मेन व्हीसीबीला चौघांच्या इनरशची बेरीज दिसते. सेटिंग वाढवून हे सुटल्यासारखं वाटतं, पण त्या सेटिंगने संरक्षणच पातळ होतं. अंडरव्होल्टेजवर फीडर पाडून ते काही सेकंदांच्या अंतराने एकेक लावणं, हा बरा मार्ग.

आता एचटीचं प्रत्यक्ष सेटिंग. सीटी (करंट ठरावीक प्रमाणात लहान करून रिलेला देणारा ट्रान्सफॉर्मर) ७५/१ घेऊ, म्हणजे ७५ अँपिअरचा १ होतो. आयडीएमटी रिले म्हणजे करंट जितका जास्त तितक्या लवकर काम करणारा. त्याचा पिकअप, म्हणजे तो जागा होतो तो करंट, फुल लोडच्या साधारण १.२ पट ठेवतात. ०.८५ वर ठेवला तर ६३.७५ अँपिअर. एलटीकडच्या पूर्ण फॉल्टला एचटीत १०५० अँपिअर आले की ते पिकअपच्या १६.५ पट झाले. स्टँडर्ड इन्व्हर्स कर्व्हवर टाइम मल्टिप्लायर (वेळ कमी-जास्त करणारा गुणक) ०.२ असेल तर रिले ०.४९ सेकंदात काम करतो. एलटी एसीबीचा (एलटीकडच्या मुख्य एअर ब्रेकरचा) शॉर्ट-टाइम डिले (मुद्दाम ठेवलेला उशीर) ०.२ सेकंद आणि त्याची उघडण्याची वेळ धरून तो ०.३ सेकंदाच्या आत मोकळा होतो, म्हणजे दोघांत सुमारे ०.२ सेकंदाचं अंतर राहतं. वरच्या बाजूला महावितरणचा फीडर रिले असतो. त्याच्या आधी आपण तोडलं पाहिजे, नाहीतर आपल्या फॉल्टपायी शेजारच्या चार सोसायट्या अंधारात जातात. त्यामुळे तुमचा टाइम मल्टिप्लायर मनाला येईल तेवढा वाढवता येत नाही; फीडरचं सेटिंग लेखी मागून घ्यावं.

इन्स्टंटेनिअस एलिमेंट (रिलेतला, उशीर न करता तोडणारा भाग) कुठे ठेवायचा याचं तर्कशास्त्र मजेशीर आहे. त्याने फक्त एचटी केबलचा आणि एचटी वाइंडिंगचा फॉल्ट झटक्यात तोडायचा. एलटीकडच्या फॉल्टला हात लावायचा नाही, कारण ते काम एसीबीचं. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडचा करंट १०५० च्या वर जाऊच शकत नाही. सुरुवातीच्या डीसी ऑफसेटसाठी (फॉल्टच्या पहिल्या क्षणी लाट एका बाजूला झुकते त्यासाठी) ३० टक्के वाढवले की १३६५. सेटिंग १४०० अँपिअर. इनरशच्या ६३० पेक्षाही हे पुष्कळ वर आहे.

इथे सीटीची प्लेट वाचावी लागते. सीटी ५पी१० असेल तर तो रेटेड बर्डनवर (त्याला जोडलेल्या रिलेच्या ठरलेल्या भारावर) दहापटीपर्यंतच, म्हणजे ७५० अँपिअरपर्यंत खात्रीने बरोबर सांगतो. १४०० अँपिअरचं सेटिंग त्याच्या हद्दीबाहेर आहे. ५पी२० घेतला तर १५०० पर्यंत खात्री. न्यूमेरिकल रिलेचं बर्डन फारच कमी असल्याने प्रत्यक्षात सीटी थोडा जास्त पल्ला गाठतो, पण तो हिशेब कागदावर करून दाखवता आला तरच धरावा. मीटरिंगच्या कोअरवर रिले जोडलेला आढळतो तेव्हा तर विषयच संपतो: तो कोअर मोठ्या करंटला मुद्दाम लवकर सॅच्युरेट होतो, मीटर वाचावा म्हणून.

एलटीकडे १६०० अँपिअरचा एसीबी. ओव्हरलोडचं सेटिंग ०.८५, म्हणजे १३६०. शॉर्ट-टाइम चारपट, म्हणजे ५४४० अँपिअर, डिले ०.२ सेकंद. इन्कमरचा (म्हणजे याच मुख्य एसीबीचा) इन्स्टंटेनिअस बंद ठेवतात किंवा सगळ्यात वर नेतात. नाहीतर तिसऱ्या मजल्यावरच्या एएचयूच्या (एसीची हवा फिरवणाऱ्या यंत्राच्या) केबलमध्ये शॉर्ट झाला तरी अख्ख्या इमारतीचा इन्कमर पडेल. मात्र तो बंद ठेवायचा तर एसीबीने ०.२ सेकंद तो २६.७ केए करंट अंगावर झेलायला हवा. प्लेटवर ५० केए, १ सेकंद असं लिहिलेलं असेल तर चिंता नाही.

इथवरचा भाग बहुतेक पॅनेल बिल्डर नीट करतात. पुढचा भाग डेल्टाचा, आणि सगळी गोम तिथेच आहे.

एलटीकडे एका फेजचा अर्थ फॉल्ट झाला (म्हणजे फेज अर्थला लागली) तर तो करंट न्यूट्रलमधून परत येतो. एचटीच्या डेल्टात न्यूट्रलच नाही. म्हणून तोच करंट एचटीच्या दोन लाइनमध्ये जातो, एकीतून आत, दुसरीतून बाहेर, आणि त्यांची बेरीज शून्य. एचटी पॅनेलमधला अर्थ फॉल्ट रिले ही बेरीजच पाहतो. त्याला एलटीचा अर्थ फॉल्ट कधीच दिसत नाही, कितीही मोठा असला तरी. याचा एक फायदा आहे: एचटीचा अर्थ फॉल्ट रिले बिनधास्त खाली, सीटीच्या १० ते २० टक्क्यांवर ठेवता येतो. पण "एचटीला अर्थ फॉल्ट आहे, मग एलटीला वेगळा कशाला?" हा प्रश्न इथेच निकालात निघतो.

एचटीचा ओव्हरकरंट रिले काहीतरी पाहतो, पण कमी. एका फेजच्या हिशेबाने गुणोत्तर ११,००० भागिले २५०, म्हणजे ४४. एलटीवरचा पूर्ण २६.७ केएचा अर्थ फॉल्ट एचटीला ६०६ अँपिअर दिसतो, रिले ०.६ सेकंदात तोडतो, ठीक. पण बसडक्टमध्ये (बसबार नेणाऱ्या पेटीवजा नळीत) पाणी झिरपून किंवा ट्रान्सफॉर्मरच्या एलटी बॉक्समध्ये उंदीर शिरून होणारा फॉल्ट असा घट्ट नसतो, तो आर्क असतो. आर्कने करंट ८००० अँपिअरवर आला तर एचटीला १८२ दिसतात आणि वेळ १.३ सेकंद. ३००० अँपिअरवर आला तर एचटीला जेमतेम ६८ अँपिअर. पिकअप ६३.७५ आहे. कर्व्हवर वेळ वीस सेकंदांच्या पुढे. एलटी बॉक्समध्ये ३००० अँपिअरचा आर्क वीस सेकंद जळतोय, आणि एचटीच्या रिलेला वाटतंय की कोणीतरी चार एसी जास्त लावलेत.

आणि एसीबी? एसीबी या फॉल्टच्या पुढे आहे. ट्रान्सफॉर्मरचं एलटी टर्मिनल ते एसीबीचं इनकमिंग टर्मिनल, हा बसडक्टचा किंवा केबलचा पाच-दहा मीटरचा पट्टा एसीबीच्या नजरेतच नाही. एसीबी पडला तरी फॉल्टला पुरवठा ट्रान्सफॉर्मरकडून चालूच. या पट्ट्याला तोडणारा एकच, एचटीचा व्हीसीबी, आणि त्याला दिसत नाही. त्याला डोळा द्यायचा तो ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलवर सीटी बसवून. याला स्टँडबाय अर्थ फॉल्ट म्हणतात. पिकअप एलटीच्या फुल लोडच्या १५ ते ३० टक्के, आपल्या बाबतीत २०० ते ४०० अँपिअर; वेळ एसीबीच्या ग्राउंड फॉल्टपेक्षा थोडी जास्त, ०.४ ते ०.५ सेकंद. ट्रिप एचटी व्हीसीबीला गेलाच पाहिजे. फक्त एसीबीला जोडलेला स्टँडबाय अर्थ फॉल्ट आपल्याच पट्ट्यातल्या फॉल्टसाठी निरुपयोगी. शिवाय व्हीसीबी पडला की एसीबीही पडावा असा इंटरट्रिप लागतो, नाहीतर बस कपलरवरून (दोन बसबार जोडणाऱ्या ब्रेकरवरून) दुसरा ट्रान्सफॉर्मर मागच्या दाराने फॉल्टला खाऊ घालतो.

हा सीटी नेमका कुठे बसवायचा, हे जवळून पाहण्यासारखं आहे. स्टारच्या न्यूट्रल बुशिंगमधून दोन वाटा फुटतात: एक न्यूट्रल बसबार पॅनेलकडे जातो आणि लोडचा असमतोल करंट परत आणतो, दुसरी पट्टी अर्थ पिटकडे जाते. सीटी दुसऱ्या वाटेवर हवा. बुशिंगला लागूनच, वाटा फुटण्याआधी बसवला तर ऑफिसच्या सिंगल फेज लोडचा सगळा असमतोल त्यातून जातो, त्यात यूपीएस आणि एलईडीच्या थर्ड हार्मोनिकची भर पडते, आणि रिले रोज दुपारी बारा वाजता पडतो. मग कोणीतरी सेटिंग ८०० वर नेतो आणि तक्रार मिटते, संरक्षणासकट.

अर्थच्या वाटेवरही एक फसवणूक आहे. नियमाप्रमाणे न्यूट्रल दोन स्वतंत्र अर्थिंगला जोडावा लागतो, म्हणजे पट्ट्या दोन. सीटी एकाच पट्टीवर चढवला तर अर्धामुर्धा करंट दुसऱ्या पट्टीने निसटतो. दोन्ही पट्ट्या जिथून फुटतात त्याआधीच्या एका सामाईक तुकड्यावर सीटी बसवावा. आणि पॅनेलमध्ये न्यूट्रल-अर्थची दुसरी लिंक असेल तर ती शोधून काढावी: ती असली की लोडचा काही न्यूट्रल करंट अर्थच्या पट्टीने परत येतो, फॉल्ट करंटही दोन रस्त्यांत वाटला जातो, आणि रिले कधी विनाकारण पडतो, कधी पडायला हवा तेव्हा पडत नाही.

हीच गत एसीबीच्या ग्राउंड फॉल्टची. तीन पोलचा एसीबी चार वायरच्या सिस्टीमवर असेल आणि न्यूट्रल बसबारवर बाहेरचा चौथा सीटी जोडलेला नसेल, तर रिलीज (एसीबीतलं ट्रिप युनिट) तीन फेजची बेरीज करतो आणि असमतोलालाच फॉल्ट समजतो. साइटवर याचा इलाज म्हणून 'जी'ची (ग्राउंड फॉल्टची) नॉब ऑफला फिरवलेली सापडते. चौथा सीटी उलटा बसवला तरी हेच होतं, उलट जास्त जोराने, कारण वजा व्हायचं ते मिळवलं जातं.

लहान ग्राहकांकडे व्हीसीबीऐवजी फ्यूज असतो. ११ केव्हीवर एकूण ट्रान्सफॉर्मर क्षमता १००० केव्हीएपर्यंत असेल तर फ्यूजसह लिंक्ड स्विच चालतो, त्यापुढे सर्किट ब्रेकरच लागतो. आरएमयूमधल्या (रिंग मेन युनिट, एचटीचा बंद स्विचबॉक्स) स्विच-फ्यूजमध्ये एचआरसी फ्यूजला स्ट्रायकर पिन असते. एक फ्यूज उडाला की पिन आपटून तिन्ही फेज उघडतात. पिनची दिशा चुकवून फ्यूज बसवला तर ट्रान्सफॉर्मर दोन फेजवर चालत राहतो. एक फ्यूज उडाला तरी तिन्ही बदलावेत, कारण उरलेले दोन अर्धवट भाजलेले असतात. फ्यूजची निवड इनरश सोसेल अशी, म्हणजे फुल लोडच्या दीड ते दोन पट करावी लागते, त्यामुळे ओव्हरलोडपासून तो वाचवत नाही. ते काम एलटी ब्रेकरचं. डीपीवरच्या (दोन खांबांच्या मांडणीवरच्या) डीओला (ड्रॉप-आउट फ्यूजला) जाड तार गुंडाळणं याबद्दल लिहायचं काय, ती तार फ्यूज नसतेच.

ओव्हरलोडबद्दल एक गैरसमज आहे. इमारतीच्या आत ड्राय टाइप ट्रान्सफॉर्मर असतो, आणि त्याला मारणारी गोष्ट करंट नसून तापमान असते. पंखा बंद पडला, खोलीचं एक्झॉस्ट कार्डबोर्डच्या खोक्यांनी झाकलं गेलं किंवा हार्मोनिक वाढले, तर ९० टक्के लोडवरही वाइंडिंग तापते आणि एसीबीला सगळं आलबेल दिसतं. म्हणून तिन्ही वाइंडिंगमध्ये तापमान मोजणारे पीटी-१०० सेन्सर असतात. क्लास एफ इन्सुलेशनची मर्यादा १५५ अंश. अलार्म आणि ट्रिपचे आकडे निर्मात्याच्या डेटाशीटमधून त्याखाली ठेवावेत. स्कॅनरचा (हे सेन्सर वाचणाऱ्या यंत्राचा) ट्रिप कॉन्टॅक्ट व्हीसीबीच्या ट्रिप सर्किटपर्यंत ओढलेला आहे का, हे वायर धरून पाहावं. बेसमेंटमध्ये वाजणारा नुसता बझर ऐकायला तिथे कोणी नसतं.

दोन ट्रान्सफॉर्मर आणि मध्ये बस कपलर ही नेहमीची मांडणी. तिथे तीनपैकी दोनच ब्रेकर लागू देणारा इंटरलॉक काढून "पाच मिनिटं पॅरलल करू" म्हटलं की बसबारवरचा फॉल्ट ५३ केएवर जातो. ५० केएचं पॅनेल आता कमी पडलं. जनरेटरवर उलटं होतं. ७५० केव्हीएचा जनरेटर ४१५ व्होल्टला १०४३ अँपिअरचा. फॉल्टमध्ये पहिल्या काही सायकलनंतर तो तीनपटीच्या आसपास, म्हणजे ३१०० अँपिअरच धरून ठेवतो. आपलं ५४४० चं शॉर्ट-टाइम सेटिंग तिथे जागंच होत नाही. जनरेटरच्या ब्रेकरला त्याचं स्वतःचं, खालचं सेटिंग लागतं.

परदेशी कन्सल्टंटच्या स्पेसिफिकेशनमध्ये अमेरिकन नॅशनल इलेक्ट्रिकल कोडचं कलम ४५०.३ आलं की गोंधळ होतो. ६ टक्क्यांपर्यंत इम्पीडन्स असलेल्या हाय व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरला ते प्रायमरीकडे ब्रेकर ६०० टक्क्यांपर्यंत आणि फ्यूज ३०० टक्क्यांपर्यंत चालवून घेतं, आणि १००० व्होल्टपर्यंतच्या सेकंडरीकडे १२५ टक्के. ही कमाल मर्यादा आहे, सेटिंग नाही. ६०० टक्के म्हणजे आपल्या उदाहरणात ३१५ अँपिअर. वरच्या ३००० अँपिअरच्या आर्कचे ६८ अँपिअर त्या ब्रेकरला कुठे दिसणार?

सगळी सेटिंग बरोबर असूनही ब्रेकर न पडण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे बॅटरी. व्हीसीबीची ट्रिप कॉइल डीसीवर चालते. फॉल्टमध्ये एसी व्होल्टेज कोसळतं, चार्जर निकामी होतो आणि त्या क्षणी सगळा भार बॅटरीवर येतो. चार्जर चालू असताना मल्टीमीटर निरोगी व्होल्टेज दाखवतो, कारण तो चार्जरचं व्होल्टेज दाखवत असतो. म्हणून तपासणी अशी करावी: परमिट घेऊन ट्रान्सफॉर्मर बंद, व्हीसीबी टेस्ट पोझिशनला (मुख्य सर्किटपासून सुटा, ट्रिप सर्किट जोडलेलं), चार्जरचा एसी काढलेला. रिलेत सेकंडरी इंजेक्शनने (सीटीऐवजी टेस्ट किटमधून) करंट सोडायचा: ०.८५ पिकअपच्या दहापट, म्हणजे ८.५ अँपिअर, टाइम मल्टिप्लायर ०.२ ला रिलेने सुमारे ०.६ सेकंदात काम करायला हवं. आणि तेव्हा नजर रिलेच्या स्क्रीनवर न ठेवता ब्रेकरच्या लाल-हिरव्या इंडिकेटरवर ठेवायची. स्क्रीनवर ट्रिप आणि इंडिकेटर लालच (म्हणजे ब्रेकर लागलेलाच) राहिला, तर आधी बॅटरीचे सेल एकेक करून मोजायला घ्यायचे.